संगणकाच्या रकान्यात हरवलेली पदवी

बारावीचे निकाल लागले की करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिका शिक्षकांच्या खोलीत येऊन पडतात. 'वैज्ञानिक संगणन' या पदवीची नोंद त्यांत बहुधा 'संगणक' या रकान्यात असते, आणि दोन ओळींत आटोपलेली : भरपूर संधी, उत्तम पगार. या दोन ओळींवर विसंबून मुले आयुष्याची काही वर्षे पणाला लावतात, म्हणून त्या तपासायला हव्यात.

मुळात हा विषय संगणकाचा नव्हे; संगणकाकडून विज्ञानाचे प्रश्न सोडवून घेण्याचा आहे. हवामानाचेच पाहा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली आणि अंदाजाच्या जाळीतील अंतर १२ किलोमीटरवरून ६ वर आले. ऐकायला हे 'निम्मे' वाटते. पण अंतर निम्मे केले की जुन्या एका घराची चार घरे होतात. शिवाय काळाची पावलेही सर्वसाधारणपणे निम्मी घ्यावी लागतात, एरवी उत्तर भरकटते. म्हणजे आकडेमोड सुमारे आठपट! संस्थेचा 'अर्का' महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप्सचा आहे, तरी कोणती आकडेमोड टाळायची आणि कोणती चूक चालवून घ्यायची हे त्याला कळत नाही. ते ठरवायला भौतिकी, गणित आणि आज्ञावली या तिन्हींत वावरणारा माणूस लागतो.

मग संधी आहेत का? आहेत, पण पुस्तिका सांगतात तितक्या सरळ नाहीत. संशोधन संस्थांतील कायम पदे थोडी, त्यांना बहुधा पीएच. डी. लागते, प्रकल्पावरची कामे मुदतीची असतात. मोटारींचे आराखडे संगणकावर तपासणारे उद्योग, औषधनिर्मिती, वित्तसंस्था यांना अशी माणसे हवी असतात. मात्र जाहिरातीत या पदवीचे नाव क्वचितच दिसते. तिथे यांत्रिकी अभियंता किंवा संख्याशास्त्राचा पदवीधर मागितलेला असतो, आणि आपणही हे काम करू शकतो हे उमेदवारालाच पटवून द्यावे लागते. पुस्तिका नेमके हेच सांगत नाहीत. (मागच्या पानावर प्रवेशाची जाहिरात असली, तर का, ते कळतेच.)

शिक्षकांना एक साधी चाचणी घेता येईल. निवत जाणाऱ्या गरम पाण्याचे तापमान दर मिनिटाला नोंदवायला सांगा. मग न्यूटनच्या नियमाने तेच तापमान वहीत काढायचे : आधी पाच-पाच मिनिटांच्या पावलांनी, नंतर एकेका मिनिटाच्या. दोन्ही उत्तरे वेगळी का आली, आणि प्रत्यक्ष नोंदींशी एकही तंतोतंत का जुळत नाही, हे ज्याला किंवा जिला खटकेल, त्यांना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, हे जरूर सांगावे.