देवळालीचा ताप, अंधेरीची तोटी

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला निदान फुकट पास मिळतो. पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तक मिळतं, आणि ते न वाचता रद्दीत घालण्याची मुभाही मिळते. बिअरचं परीक्षण लिहिणाऱ्याला मात्र बिअर विकत घ्यावी लागते, ती प्यावी लागते, आणि प्यायल्यावर शुद्धीत राहून लिहावंही लागतं. एवढ्या अटी पुऱ्या करणारा समीक्षक मराठीत क्वचितच सापडायचा. म्हणून हे काम बँकेतल्या एका कारकुनाकडे आलं आहे. माझं शिक्षण बी. कॉम. रससिद्धान्त आमच्या अभ्यासक्रमात नव्हता, घसारा होता. पण घसारा शिकलेला माणूस टीका बरी करतो. कुठलीही वस्तू पुढे आली, की पुढच्या वर्षी तिची किंमत किती उतरेल हेच त्याला आधी दिसतं.

निमित्त झालं भाच्याचं. रविवारी सकाळी चारकोपला आमच्या घरी येऊन तो म्हणाला, "मामा, अंधेरीला एका ठिकाणी नवीन बिअर आलीय. कोकमची. येतोस का?"

मी उत्तर देण्याच्या आत स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. तिचं माहेर कुडाळचं. बिअर या शब्दाशी तिचं काही देणंघेणं नाही, पण कोकम हा तिच्या घराण्याचा प्रश्न आहे.

"कोकमाचं काय केलंय म्हणालास?"

अशा रीतीने परीक्षक मंडळात एका सभासदाची भर पडली.

जाण्याआधी थोडं कायद्याचं बघायला हवं, कारण आम्ही बँकवाले कागदाशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. पूर्वी तो मुंबईच्या नावाने होता, आता महाराष्ट्राच्या नावाने आहे, एवढाच फरक. म्हणजे कागदोपत्री इथे दारूबंदीच आहे, आणि आपण जे पितो ते अपवाद म्हणून पितो. एके काळी प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट मिळायचं. आजारी माणसं गेली, 'परमिट रूम' हा शब्द राहिला. वयाचंही कोष्टक आहे. सौम्य बिअरला २१ वर्षं, व्हिस्की-रमला २५. माझा भाचा २३ वर्षांचा. म्हणजे तो लग्न करू शकतो, सरकार निवडू शकतो, पण त्या दोन्हींचा परिणाम सोसण्यासाठी जे लागतं ते त्याला अजून दोन वर्षं मिळणार नाही.

परमिटाची फी वर्षाला १०० रुपये आणि आजन्म १००० रुपये. वाणिज्य पदवीधराच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो. आणखी दहा वर्षं जगलं आणि प्यायलं तर बरोबरी, त्यापुढचा प्रत्येक घोट नफ्यात. मी हे बायकोला समजावून सांगितलं.

"आजन्म म्हणजे कोणाच्या?" एवढंच तिने विचारलं. मी वर्षाचं परमिट काढलं.

मेट्रोने गेलो. २०२३ च्या जानेवारीपासून ही मेट्रो थेट अंधेरी पश्चिमपर्यंत जाते. डहाणूकरवाडीला बसलं की लोकलच्या दारात लोंबकळण्याचं सुख बुडतं, पण शर्टाची इस्त्री वाचते. वाटेत भाच्याने आम्हाला पार्श्वभूमी दिली. हल्ली छोट्या भट्टीत थोडी थोडी बिअर करून तिथेच तोटीतून ग्लासात देतात. अशा जागेला टॅपरूम म्हणायचं. महाराष्ट्रात ही हवा पुण्यापासून सुरू झाली. २००९ साली तिथे 'डूलॅली' नावाची भट्टी निघाली, आणि २०१५ साली त्याच नावाची टॅपरूम अंधेरीत आली.

"डूलॅली म्हणजे काय रे?" बायकोने विचारलं.

"इंग्लिश शब्द आहे, मामी. डोकं फिरलेला."

शब्द इंग्लिश खरा, पण त्याचा जन्मदाखला नाशिक जिल्ह्याचा आहे. नाशिकजवळ देवळालीला इंग्रजांची छावणी होती. नोकरीची मुदत भरलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे ठेवत. बोटी सुटायच्या हिवाळ्याच्या हंगामात. ज्याची मुदत हंगाम सरल्यावर भरे, तो पुढच्या हंगामापर्यंत तिथेच अडकून पडे. काम नाही, कवायत नाही, वर ऊन. काहींची डोकी फिरत. त्या फिरण्याला नाव पडलं देवळालीचा ताप. गोऱ्यांच्या तोंडी त्याचं 'डूलॅली टॅप' झालं, मग टॅप गळाला आणि नुसतं 'डूलॅली' इंग्रजी कोशात जाऊन बसलं. आता बघा गंमत. देवळाली विलायतेला गेली, तिथून परत आली, अंधेरीत पाटीवर चढली, आणि तिच्या मागे पुन्हा टॅप लागला. फक्त जाताना तो ताप होता, येताना तोटी झाला. आपल्याच गावचं नाव आपल्याच भाच्याने आपल्याला इंग्लिश म्हणून सांगावं, असा हा फेरा.

आम्ही गेलो ती जागा ही नव्हे. तिच्यामागून ज्या अनेक निघाल्या त्यांतली ती एक. तिचं नाव देत नाही, कारण पुढे मिठाविषयी तक्रार यायची आहे.

जागा म्हणजे जुन्या औद्योगिक वसाहतीतला गाळा. आमच्या बँकेने असल्या गाळ्यांवर किती कर्जं दिली आणि किती बुडवून घेतली, ते मला पाठ आहे. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या होत्या. भाचा टाक्यांकडे बोट दाखवून कृती सांगू लागला.

"आधी बार्ली भिजवतात. मग तिला मोड आणतात. मग ते मोड वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात."

"म्हणजे नाचणीचं सत्त्व," बायको म्हणाली. "तुला सहाव्या महिन्यापासून तेच भरवलंय."

खरं आहे ते. मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. सत्त्व गोडसर लागतं ते त्याचमुळे. बिअरवाला ती साखर गरम पाण्यात उतरवून घेतो, उकळतो आणि त्यात हॉप्स घालतो. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडू फुलं. ही वेल भांगेच्या कुळातली. मात्र कुळातली ही शाखा सरळमार्गी. मग निवलं की यीस्ट. यीस्ट साखर खातं, त्याची दारू होते आणि फेस येतो.

यीस्टची गोष्ट मजेदार आहे. १५१६ साली जर्मनीत बव्हेरियाच्या राजवटीने हुकूम काढला, की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. यादीत यीस्टचं नावच नाही. ते किण्व जिवंत असतं आणि खरं काम तेच करतं, हे नीट उलगडलं पाश्चरच्या काळात. बिअरवरचा त्याचा ग्रंथ १८७६ चा. म्हणजे ३६० वर्षं बिअर होत होती, आणि ती करतंय कोण याचा हुकूम काढणाऱ्यांना पत्ता नव्हता. बायकोला यात काही नवल वाटलं नाही.

"घरात असंच असतं," ती म्हणाली.

आता परीक्षण. आम्ही तीन बिअर मागवल्या.

पहिली हेफेवायझेन, म्हणजे गव्हाची. गढूळ, कारण ती गाळत नाहीत. कार्डावर लिहिलं होतं, की हिच्यात केळं आणि लवंग यांचा भास होईल. दोन्हींतलं काही तिच्यात घालत नाहीत. तो वास यीस्ट तयार करतं. मी घोट घेतला, डोळे मिटले, आणि मला आमची माजघरातली दुपार आठवली. गहू, केळं, वर जेवणानंतरची लवंग. ही तर शिकरण-पोळी! ज्या पदार्थाला आम्ही जन्मभर पाहुणा अचानक आल्यावरची अडचण समजलो, त्याला कार्डावर तीन ओळींचं काव्य. पण बिअर म्हणून ती सच्ची होती. फेस दाट, तोंडात भरल्यासारखी, आणि ताजी. ताजेपणा हाच असल्या भट्टीचा खरा माल. ताक जसं घुसळल्या दिवशीचं वेगळं आणि उरलेलं वेगळं, तसंच हे. पास, दुसऱ्या वर्गात.

दुसरी आय.पी.ए. म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया आहे म्हणून मी आपुलकीने घेतली. इतिहास बघितला तर ही इंग्लंडातून बोटीने मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांकडे यायची, आणि लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स सढळ. इंडियाशी तिचा संबंध एवढाच, की इथे उतरायची. आम्हाला मिळालेली फार कडू होती. कडूला माझा विरोध नाही. मी मेथी खातो, कारल्याची भाजी खातो, शाखाधिकाऱ्यांचे शेरे वाचतो. पण कारल्याच्या भाजीत गूळ घालतात त्याला काही कारण असतं. कडू चवीला खाली बसायला पाट लागतो. माल्टचा गोडवा हा तो पाट. इथे पाटच मांडला नव्हता, पाहुणा उभ्यानेच जेवून गेला. नापास.

तिसरी, जिच्यासाठी आलो ती, कोकम घातलेली गोझे. गोझे ही जर्मनीतल्या गोस्लार गावची जुनी बिअर. आंबट, किंचित खारट, वर धण्यांचा वास. तिचा आंबटपणा दह्यातल्या जिवाणूंच्याच भाऊबंदांनी आणलेला. लाइपझिग शहराने तिला मोठं केलं, पण १९६६ च्या सुमारास ती तिथेही बंद पडली आणि १९८० च्या दशकात कुणीतरी पुन्हा हौसेने करायला घेतली. आंबट, खारट, धणे, त्यात कोकम. वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल, की हे कोकमाच्या साराच्या दारापर्यंत आलेलं प्रकरण आहे. कार्डावर मात्र कोकमाला 'किनारपट्टीचं दुर्मीळ फळ' म्हटलं होतं. चारकोपच्या बाजारात हे दुर्मीळ फळ किलोवर मिळतं.

रंग सुरेख होता, जांभळट गुलाबी. मी प्यायलो. आंबट लागली, गार लागली, यापलीकडे मला बोलता येईना. ग्लास बायकोकडे सरकवला. तिने चमचा मागवला. चमचाभर जिभेवर घेतली, क्षणभर थांबली आणि निकाल दिला.

"मीठ कमी आहे. आणि कोकम नुसतं दिसतंय."

नेमका त्याच वेळी बिअर करणारा मुलगा टेबलांवर विचारपूस करत आला. वय भाच्याएवढंच. भाचा खुर्चीत खाली सरकला. मामी आता काय बोलणार, या काळजीने त्याचा चेहरा गोझेच्या रंगाचा झाला.

"कोकम कुठलं घालता? सोलं, आगळ, की अमृत कोकम?" बायकोने विचारलं.

"आम्ही सिरप घेतो, काकू."

"म्हणजे अमृत कोकम. साखरेत मुरवलेलं. ते सरबताला. साराला आगळ घेतात, मिठातला रस. तुमचं ते यीस्ट साखर खातं म्हणता ना? मग सिरपातली साखर ते खाऊन टाकणार, आणि मागे राहणार काय? रंग. आगळ घाला. मीठही त्यात, आंबटही त्यात."

मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि लिहून घेतलं. आगळ कुठे चांगलं मिळतं, एका टाकीला किती लागेल, आधी घालायचं की नंतर, असं तो उभ्याउभ्या विचारत राहिला. बायको उत्तरं देत राहिली, एखादी सून पुरणाचं प्रमाण विचारायला आली असावी अशा सुरात. वीस वर्षं मी या बाईच्या हातचं सार वाटीवाटीने पितो आहे, पण तिला असं उभं राहून कुणी विचारताना मी प्रथमच पाहिलं. भाचा हळूहळू खुर्चीत वर आला.

बिल आलं. खाण्यावर जीएसटी, पिण्यावर व्हॅट. एका कागदावर दोन कर. दारू अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे आमची बेरीज तपासून बघायला मला खास आनंद झाला. बेरीज बरोबर होती. मुलगा म्हणाला, "गोझेचे पैसे काढतो, काकू."

"काढू नका," बायको म्हणाली. "मीठ बरोबर झालं की कळवा. तेव्हाही पैसे देऊन पिऊ."

आता समीक्षकाने शेवटी मत द्यावं, असा प्रघात आहे. या भट्ट्यांतली बिअर महाग आहे, पण खोटी नाही. मोड आणणं, आंबवणं, विरजणं ही विद्या त्यांना चांगली येते, आणि ती आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या येते. अडचण कार्डाची आहे. ते कार्ड वाचलं, की माणसाला वाटतं आपल्याला चवच कळत नाही. आणि मग ज्यांना खरोखर कळते त्या घरी बसतात. तेव्हा जाणाऱ्यांना माझी शिफारस अशी: गव्हाची घ्या, कडू घेताना आधी अर्धा ग्लास मागा, कार्ड उलटं ठेवा, आणि बरोबर असं माणूस न्या ज्याला आगळ आणि अमृत कोकम यांतला फरक ठाऊक आहे. त्याला पिण्याचा आग्रह करू नका. चमचा पुरतो.