आजार कोणाचा? : ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ तुमसरमध्ये वाचताना

मराठी घरांत आरोग्यविषयक पुस्तकाला मानाचे स्थान आहे. ज्या घरात कवितासंग्रह सापडत नाही, कादंबरी क्वचितच सापडते, त्या घरातही पथ्यपाण्याचे एखादे पुस्तक फडताळात असते. वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक यांनी या लेखनाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. मात्र त्याची समीक्षा सहसा होत नाही. ‘उपयुक्त’ हे एकच विशेषण लावून समीक्षक पुढे जातात. वस्तुतः जे लेखन वाचकाच्या ताटात, झोपेत आणि श्वासात शिरते त्याची चिकित्सा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी. एखाद्या कवितेने दिशाभूल केली तर फार तर रसभंग होतो. आरोग्यलेखनाची चूक मात्र कोणाला तरी शरीराने भोगावी लागते, किंवा मनावर विनाकारण अपराधाचे ओझे वागवावे लागते.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले मराठी पुस्तक कोणते, असे विचारले तर डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’चे नाव प्रथम घ्यावे लागेल. राजहंस प्रकाशनाने ते २००० साली प्रसिद्ध केले. त्यानंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. इतक्या वाचकांनी आपले मानलेल्या या पुस्तकाकडे आज पुन्हा वळण्याचे कारण असे की, मराठी माणसाचा ‘स्वतःची काळजी घेणे’ हा विचार घडविण्यात त्याचा वाटा मोठा आहे. हा विचार तुमसरसारख्या गावात, धानाच्या बांध्या, राईस मिल आणि मँगनीजच्या खाणी यांच्या सान्निध्यात कितपत टिकतो, हे तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पुस्तकाचे गुण. गडचिरोलीच्या आदिवासी भागात काम करणाऱ्या एका डॉक्टरला ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठले. इतरांच्या नाडीवर ज्याचे बोट, त्याचे स्वतःच्या नाडीकडे दुर्लक्ष झाले होते, हे या कथेचे बीज. बहुतेक आरोग्यलेखन आज्ञार्थी क्रियापदांवर चालते : हे खा, ते टाळा, पहाटे उठा. लेखक व्यासपीठावर आणि वाचक समोर सतरंजीवर, अशी त्याची बैठक असते. बंगांनी ही बैठक मोडली. येथे उपदेशकच रुग्ण आहे. महत्त्वाकांक्षा, घाई, राग, कामाचा अतिरेक यांची झाडाझडती तो स्वतःपासून सुरू करतो आणि वाचकाला साक्षीदार म्हणून शेजारी बसवून घेतो. वैद्यकीय माहिती आणि आत्मकथन यांचा असा सांधा त्यापूर्वी मराठीत फारसा जमला नव्हता.

‘साक्षात्कार’ हा शब्दही लक्षणीय आहे. आपल्या परंपरेत तो ईश्वरदर्शनाशी निगडित आहे. बंग तो आजाराला लावतात. आजाराने माणसाला त्याचे खरे रूप दाखविले, असा त्याचा भाव. सेवाग्रामच्या परिसरात, गांधी-विनोबांच्या विचारांत वाढलेल्या लेखकाला हा शब्द सहज सुचला असावा. त्यामुळे आहार, चालणे, योगासने, ध्यान यांची चर्चा केवळ कोलेस्टेरॉलपुरती राहत नाही. ‘कशासाठी जगायचे’ या प्रश्नापर्यंत जाते. पुस्तकाला ज्यांचा मोठा आधार आहे, त्या अमेरिकन डॉक्टर डीन ऑर्निश यांचा प्रयोग १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम, मनाचा ताण कमी करण्याचे उपाय आणि समदुःखी रुग्णांचा आधारगट यांची जोड दिली असता हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा ओसरू शकतो, असे त्याने मोजक्या रुग्णांवर दाखविले. बंगांनी हे शास्त्र मराठी मनाला पचेल अशा भाषेत आणले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

आता हेच पुस्तक तुमसरमध्ये वाचून पाहावे.

गडचिरोली आणि भंडारा ही एकाच झाडीपट्टीची दोन टोके. तुमसर ही तांदळाची जुनी बाजारपेठ आहे. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. येथील बाई रोवणीच्या दिवसांत कंबरेत वाकून तासन् तास चिखलात उभी असते. संध्याकाळी तिच्या पायांना चिखल्या झालेल्या असतात आणि पाठ सरळ होत नाही. तिला ‘दररोज एक तास चाला’ हे वाक्य काय सांगेल? राईस मिलमधला हमाल कोंड्याच्या धुळीत पोती वाहतो. त्याला दीर्घ श्वसनाचा उपदेश करताना तो कोणती हवा छातीत ओढणार, हा प्रश्न आधी विचारावा लागेल. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेला इजा होते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ग्लासगो येथील एका डॉक्टरने मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतील दुर्बलतेची नोंद १८३७ सालीच केली होती. या धुळीवरचा इलाज ध्यानात नाही. तो पाणी फवारण्यात, तोंडावरच्या मुसक्यात आणि नियमित तपासणीत आहे. ही व्यवस्था कामगाराला एकट्याने करता येत नाही.

आहाराची गोष्टही तशीच. पुस्तकातील आहार हा निवडीचा विषय आहे. समोर अनेक पदार्थ आहेत, त्यांतून विवेकाने काय घ्यावे, असा तो प्रश्न. आपल्या जिल्ह्याच्या स्मृतीत मात्र आहाराची वेगळीच कथा आहे. धान कापणीला येण्यापूर्वी त्याच बांधीत उतेरा पद्धतीने लाखोळी टाकतात. फारशी मशागत नाही, वेगळे पाणी नाही, तरी ती येते. हीच डाळ महिनोन् महिने मुख्य अन्न झाली, तर तिच्यातील विषारी घटकामुळे पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. इतर धान्याबरोबर, बेताने खाल्लेल्या डाळीचा असा परिणाम होत नाही. दुष्काळात दुसरे काही मिळेनासे झाले, किंवा मध्य भारतात काही ठिकाणी मजुरीच या डाळीत मिळू लागली, तेव्हा ती घातक ठरली. म्हणजे पाय लुळे झाले ते डाळीने, आणि डाळीइतकेच दारिद्र्याने. अशा माणसाला ‘आहाराकडे दुर्लक्ष केलेस’ असे कोण म्हणेल?

पुस्तकाविषयीचा माझा मुख्य आक्षेप येथे आहे. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या शीर्षकातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘साक्षात्कारी’ नसून ‘माझा’ हा आहे. आजार माझा, कारणे माझ्या स्वभावात, उपायही माझ्या हाती. ज्याच्यापाशी शिक्षण आहे, ज्याला आपल्या दिवसाची आखणी करता येते, त्याला ही जाणीव बळ देते. लेखकाने ती स्वतःपुरती प्रामाणिकपणे मांडली आहे, हेही मान्य. पण पुस्तक लोकप्रिय झाले की त्याचा ‘माझा’ हळूहळू ‘तुझा’ होतो. मग हृदयविकार झालेल्या शेजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस फळे पुढे करीत विचारतो, “फार टेन्शन घेत होता का?” सहानुभूतीच्या वेषात ती एक उलटतपासणीच असते. फायलेरियाने सुजलेला पाय किंवा जन्मतःच रक्तात आलेला सिकलसेल, हे पूर्व विदर्भाचे दोन जुने आजार. त्यांत रुग्णाच्या स्वभावाचा काय दोष? पहिल्याच्या मागे डास आणि तुंबलेली गटारे, दुसऱ्याच्या मागे आईबापांकडून नकळत आलेला वारसा.

आपल्या वाचकांना ही उलटतपासणी नवी वाटू नये. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या राखेशेजारी बसून तीच केली होती. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला विचारलेला प्रश्नही त्याच जातीचा : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? उत्तरात दोघांवरही दोष ठेवलेला नाही, हे शुभवर्तमान वाचणाऱ्या घराने विसरता कामा नये.

म्हणून पुस्तकाचा उपदेश येथे निरुपयोगी आहे असे मात्र नाही. पन्नीत घोटलेला खर्रा हे त्याचे उत्तम उदाहरण. विदर्भाच्या गावोगावी पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे हे मिश्रण मिळते. कोवळी मुलेही ते गालात धरतात. तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली, खर्रा मात्र घोटला जातच राहिला. येथे कायदा थकतो आणि ‘मी का खातो?’ हा बंगांचा आत्मपरीक्षणाचा प्रश्न कामास येतो. तरीही लक्षात घ्यावे की, खुद्द बंगांनीही हा प्रश्न केवळ एकेकट्याच्या निश्चयावर सोडला नाही. २०१६ पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या नावाने दारू आणि तंबाखूविरुद्ध जे काम उभे राहिले ते गावांना एकत्र करून. कार्यकर्ते बंग लेखक बंगांच्या पुढे आहेत, असे मला वाटते.

दुसरा एक मुद्दा घरातील श्रमांचा. एका माणसाच्या आरोग्यासाठी तेलाविना भाजी, वेगळी पोळी, ठरल्या वेळी जेवण हे सर्व हवे असेल, तर ते कोण करते? बंगांच्या घरी डॉ. राणी बंग या स्वतः डॉक्टर आणि बरोबरीच्या सहकारी. प्रत्येक घरात असे सहजीवन नसते. एकाच्या शुद्धतेचा भार इतरांवर कसा पडतो याचे मराठीतील अविस्मरणीय चित्र आपल्याच परंपरेतील ग्रंथात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांना १८९३ साली राजनांदगावच्या ज्या प्रवासात नवा करार भेट मिळाला, त्या राजनांदगावची आगगाडी आजही तुमसर रोडवरूनच जाते. म्हणूनही हा ग्रंथ आपल्याला जवळचा. त्याच्या आरंभी लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांचे सोवळे वर्णिले आहे. मीठसाखरेपर्यंत सर्व काही धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टहास आणि त्यापायी घरच्या बायकामुलांची होणारी ससेहोलपट वाचताना प्रथम हसू येते, मग ते ओठांवरच थांबते. लक्ष्मीबाई वडिलांना दोष देत सुटत नाहीत. एका जबर मानसिक धक्क्याशी त्या या वेडाचा संबंध जोडतात. आजारी माणूस आणि त्याच्या आजाराचा भार वाहणारे घर, या दोघांनाही एकाच वेळी माया देणारी ही दृष्टी आजच्या आरोग्यलेखनात दुर्मीळ झाली आहे.

तेव्हा ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ वाचू नये का? अवश्य वाचावे, पण एकटे वाचू नये. त्याच घरातून आलेले इतर लेखन त्याच्या शेजारी ठेवावे. २००१ साली डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंवरील अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदींत दिसतात त्याहून कितीतरी अधिक बालके महाराष्ट्रात दगावतात, हे त्याने दाखवून दिले. तेथे कोणा आईच्या स्वभावाची झाडती नाही. हिशेब मागितला आहे तो व्यवस्थेकडे. त्याआधी १९८९ साली गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे बंग दांपत्याला आढळले. त्यांपैकी पूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. राणी बंग यांच्या ‘कानोसा’त अशाच स्त्रियांचे बोलणे ऐकू येते. आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावातल्याच साध्या शिकलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली, तेव्हा त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणतात. दूत हा शब्द मला ‘साक्षात्कारी’पेक्षा अधिक भावतो. साक्षात्कार एकट्याला होतो. दूत दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

एका माणसाचे हृदय, एका प्रदेशातील बालके आणि न बोलणाऱ्या स्त्रिया, असे हे तीन प्रकारचे लेखन. पहिल्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. उरलेले दोन मुख्यतः जाणकारांच्या टेबलावर राहिले. यात लेखकाचा दोष फारसा नाही. स्वतःच्या छातीतील धडधड ऐकण्यास आपण वाचक जितके उत्सुक असतो, तितके शेजारच्या झोपडीतील खोकला ऐकण्यास नसतो. पण चांगल्या आरोग्यलेखनाची कसोटी हीच मानावी लागेल. पुस्तक मिटल्यावर मी माझी रक्तशर्करा तपासून घेतली, हे झाले त्याचे निम्मे यश. उरलेले निम्मे यश तेव्हा, जेव्हा मी खाणीतून परतलेल्या शेजाऱ्याला “तू काय केलेस?” असे न विचारता “तुला काय झाले?” असे विचारीन, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत त्याच्या ओट्यावर बसून राहीन.