लांडग्याचें मोठेपण

लांडगा म्हटला कीं आपल्या घरांतील मुलांस 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आठवते. त्या गोष्टींतील लांडग्यास ना नांव, ना रूप. तो येतो आणि आपलें काम करून जातो. खरा दोष खोटें ओरडणाऱ्या पोराचा. पाश्चात्य अद्भुतकथांतील राक्षसी लांडग्यांविषयीं वाचतांनाही हीच कसोटी हातीं धरावी, असें आम्हांस वाटतें. लांडगा केवढा, यापेक्षां त्याच्या राक्षसीपणांत इतरांचा वांटा किती, हें पाहावें.

या साऱ्या लांडग्यांचा मूळ पुरुष फेन्रिर. आइसलंडमधील स्नॉरी स्टुर्लुसन यानें तेराव्या शतकांत रचलेल्या गद्य 'एड्डा'त त्याची हकीकत आहे. लोकीचें हें पिल्लू देवांनीं आपल्याच घरीं वाढविलें. पण जवळ जाऊन त्यास अन्न घालण्याचें धैर्य एकट्या ट्यूरला होतें. भाकितें वाईट होतीं, म्हणून देवांनीं त्यास बांधण्याचें ठरविलें. दोन मजबूत बेड्या त्यानें तोडल्या. तिसऱ्या वेळीं रेशमासारखी मऊ दोरी पाहून त्यास कपटाचा संशय आला, आणि त्यानें तारण म्हणून एका देवाचा हात आपल्या जबड्यांत मागितला. ट्यूरनें हात दिला. दोरी तुटेना, देव सोडवीनात. ट्यूरचा हात गेला.

वचन मोडलें सर्व देवांनीं, आणि किंमत भरली ती लांडग्यास घास देणाऱ्यानें! पुढें जगाच्या अंतीं फेन्रिर ओडिनला गिळतो, तेव्हां जुनें देणें वसूल झाल्यासारखें वाटतें तें यामुळेंच.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन हे या उत्तरेकडील वाङ्मयांत मुरलेले. त्यांच्या 'द हॉबिट' (१९३७) मधील वॉर्ग बोलतात, गॉब्लिनांशीं संगनमत करतात. ज्या जुन्या नॉर्स शब्दाशीं हें नांव जुळतें, त्याचा अर्थ लांडगा आणि बहिष्कृत गुन्हेगार असा दुहेरी आहे. आपल्या वेदांतील 'वृक' शब्दही दुष्ट माणसास लागतो. परंतु वॉर्गांचें दुष्टपण आयतें आहे. त्यांच्याविषयीं भीतीपलीकडे कांहींच वाटत नाहीं. 'सिल्मॅरिलियन' (१९७७) मधील कारखारोथ पुष्कळ वरचा. मॉर्गॉथ त्यास स्वहस्तें जिवंत मांस चारून वाढवितो. बेरेनचा हात तो रत्नासह गिळतो, आणि तें पवित्र रत्न त्याच्या पोटांत आगीसारखें जळतें. त्या वेदनेनें पिसाळलेल्या पशूची भीतीही वाटते व कींवही येते. येथेंही हात गेला, पण वचनभंग नाहीं. मूळ कथेंतील नैतिक पेंच सुटून गेला, आणि तेवढ्यापुरती ही कथा उणी पडली.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीं 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) मध्यें तो पेंच पुन्हां घातला. डायरवुल्फ हा अमेरिकेंत खरोखर होऊन गेलेला व नामशेष झालेला पशु. मार्टिन यांच्या कथेंत मेलेल्या आईजवळ सांपडलेलीं त्याचीं पिल्लें मुलांच्या हातीं वाढतात. त्यांतील लेडी हिला अपराध नसतां राणीच्या हट्टापायीं मरावें लागतें, आणि तो वध मुलीच्या बापासच करावा लागतो. येथें राक्षस कोण?

असलीं पुस्तकें मुलांच्या हातीं देण्यास आईबाप कचरतात. लांडगा केवळ मारण्यासाठीं आणला असेल, तेथें अवश्य कचरावें. पण दोरी कोणी आणली आणि हात कोणाचा गेला, असें जें पुस्तक मुलास विचारावयास लावील, तें खुशाल द्यावें.