वारणेचा तह : देणगी कीं विभाग?

(१)

एप्रिल १७३१ मध्यें सातारकर शाहू महाराज व करवीरकर संभाजी राजे यांच्या दरम्यान जो तह झाला, त्याचीं नऊ कलमें मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. त्यांचा अर्थ मात्र दोन तर्‍हांनीं लावण्यांत येतो. एक पक्ष म्हणतो कीं, विजयी शाहू महाराजांनीं पराभूत चुलत भावास औदार्यानें मुलूख तोडून दिला; सबब करवीरचें राज्य हें सातारच्या कृपेचें फळ होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हें घराण्यांतील वांटपच होतें व तहानें त्यास लेखी रूप आलें. हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. देणगी म्हटली म्हणजे घेणार्‍याचा हक्क देणार्‍याच्या इच्छेंतून उत्पन्न होतो; विभाग म्हटला म्हणजे तो हक्क आधींच होता असें ठरतें. करवीरच्या राज्याची प्रतिष्ठा यांपैकीं कोणत्या पायावर उभी करावयाची, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मतें त्याचें उत्तर तहाच्या मायन्यांत न शोधतां कलमांत शोधावें.

(२)

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. १७०७ त औरंगजेब वारला व शाहू मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले. त्यांचा हक्क ताराबाईंनीं मानला नाहीं. त्याच सालीं खेडची लढाई होऊन शाहूंची सरशी झाली व १७०८ च्या आरंभीं सातार्‍यास त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनीं पन्हाळ्यास निराळी गादी उभारली. १७१४ त तेथें राजवाड्यांतच उलथापालथ होऊन ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी हे कैदेंत पडले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. संभाजी राजांनीं पुढें निजामाशीं संधान बांधलें. परंतु १७२८ त पालखेड येथें बाजीरावांनीं निजामास कोंडले आणि मुंगी-शेवगांवच्या तहानें तो आधार तुटला. १७३० त वारणेच्या परिसरांत श्रीपतराव प्रतिनिधींनीं करवीरच्या फौजेचा मोड केला. त्यानंतर १७३१ च्या आरंभीं कर्‍हाडनजीक जखिणवाडी येथें उभय बंधूंची भेट झाली व मग तहाचीं कलमें ठरलीं.

(३)

देणगीचा पक्ष मुख्यतः तहनाम्याच्या भाषेवर अवलंबून आहे. संभाजी राजांस ‘चिरंजीव’ म्हटलें आहे. मुलूख ‘दिला’ असें क्रियापद आहे. लेख शाहू महाराजांच्या मुखांतून आहे. परंतु ‘चिरंजीव’ हा शब्द वयाचा व नात्याचा द्योतक आहे, अधिकाराचा नव्हे. शाहू महाराज १६८२ चे, संभाजी राजे १६९८ चे. सोळा वर्षांनीं वडील असलेला भाऊ धाकट्यास याहून निराळें काय लिहिणार? ‘दिला’ या शब्दाचेंही तसेंच. वडील भाऊ वांटप करून धाकट्याचा हिस्सा त्याच्या हवालीं करतो तेव्हां तो ‘दिला’ असेंच म्हणतो; तेवढ्यानें हिस्सा दान होत नाहीं.

विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत विभागाचें जें लक्षण केलें आहे, त्याचा आशय असा कीं, समग्र द्रव्यावर अनेकांचें जें स्वामित्व आधींच असतें तें त्या त्या भागावर व्यवस्थित करणें म्हणजे विभाग. दानांत याच्या उलट, दाता आपलें स्वत्व सोडतो व दुसर्‍याचें नव्यानें उत्पन्न करतो. राज्य हें शेताप्रमाणें विभाज्य आहे कीं नाहीं, हा वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. तह लिहिणार्‍यांच्या मनांत कोणता व्यवहार होता एवढेंच पाहावयाचें आहे.

आतां कलमें पाहूं. वारणा व कृष्णा यांच्या संगमापासून दक्षिण तीरानें तुंगभद्रेच्या संगमापर्यंतचा मुलूख, ठाणीं व किल्ले यांसह करवीराकडे. कोंकणांत साळशीपासून दक्षिणेस अंकोल्यापर्यंतचा प्रदेश करवीराकडे. येथवर देणगी म्हणतां येईल. परंतु पुढें कोपळचा किल्ला करवीरास, व त्याच्या मोबदल्यांत रत्नागिरी सातार्‍यास, असें आहे. दानास मोबदला कोठून आला? अथणी, तासगांव वगैरे मिरज व विजापूर प्रांतांतील ठाणीं संभाजी राजांनीं स्वाधीन करावीं, असेंही आहे. म्हणजे देणें दोहों बाजूंनीं आहे. परस्परांच्या वैर्‍यांचें पारिपत्य परस्परांनीं करावें व एकविचारानें राज्याची वृद्धि करावी, हें कलम तर सरळ बरोबरीचें आहे. कौटिल्यानें संधीस पणबंध म्हटलें आहे, व हा पणबंध उभयतांस सारखाच बांधतो. शब्द देणगीचे, व्यवहार विभागाचा, असा आमचा निर्णय आहे.

(४)

नद्यांचीं कलमें प्रसिद्ध आहेत. परंतु तहाचें मर्म आम्हांस दुसर्‍याच कलमांत दिसतें. एका बाजूच्या चाकरांस दुसर्‍या बाजूनें ठेवूं नये, असें तें कलम आहे. वाचतांना तें क्षुल्लक वाटतें. पण चोवीस वर्षांची यादवी कशावर जगली, याचा विचार केला म्हणजे त्याचें मोल कळतें. धनाजी जाधव खेडच्या प्रसंगीं ताराबाईंस सोडून शाहूंस मिळाले. त्यांचे पुत्र चंद्रसेन १७११ त शाहूंस सोडून ताराबाईंकडे व तेथून निजामाकडे गेले. कान्होजी आंग्रे करवीरच्या पक्षांतून सातारच्या पक्षांत आले. दोन दरबार असले म्हणजे प्रत्येक रुसलेल्या सरदारास एक उघडें दार मिळतें, व त्या दारांतून कलह आंत येतो. मुलुखाची सीमा नदी दाखविते. निष्ठेची सीमा या कलमानें आंखली. ज्या राज्याचे चाकर शेजारी राज्य वळवूं शकतें, त्याचें स्वातंत्र्य नकाशावरच राहतें, हें तह लिहिणार्‍यांस पुरतें उमगलें होतें.

(५)

तहाचे दोष दाखविल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं. पहिला दोष असा कीं, तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंतच्या मुलुखाचा निम्मा वांटा करवीरास, असें जें कलम आहे, तें हातीं नसलेल्या वस्तूचें वांटप आहे. जेथें नदीचें व किल्ल्याचें नांव घातलें तेथें तह टिकला. जेथें नुसता ‘निम्मा’ लिहिला तेथें तो कागदावर राहिला. १७४० त रघूजी भोसले व फत्तेसिंग भोसले यांची कर्नाटकांत स्वारी झाली, १७४१ त त्रिचनापल्ली हातीं आली. पण ती मुरारराव घोरपडे यांच्या हवालीं झाली, करवीरच्या निम्म्या वांट्यांत नव्हे.

दुसरा दोष याहून मोठा. शाहू महाराज निपुत्रिक वारले तर सातारची गादी कोणाकडे, याविषयीं तहांत अक्षर नाहीं. विभक्त भावाचा हक्क विभागानें संपला कीं वारसा म्हणून शिल्लक राहिला? हा प्रश्न तेव्हां विचारणें अप्रिय होतें. न विचारणें महाग पडलें. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू महाराज वारले. संभाजी राजांच्या हक्कास सातारच्या राजवाड्यांतही पाठिंबा होता. पण ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें आणलेले रामराजे गादीवर बसले. १७३० त पकडल्या जाऊन सातार्‍यास राहिलेल्या याच ताराबाईंचें नांव तहाच्या व्यवस्थेंत कोठेंच नव्हतें. १७५० च्या नोव्हेंबरांत त्यांनींच रामराजांस कैद केलें. त्याच सालच्या सांगोल्याच्या करारानें राज्याचा कारभार पेशव्यांच्या हातीं गेला. तहांत न लिहिलेल्या कलमाचा निकाल असा लागला.

(६)

शेवटीं फळ पाहूं. करवीरचें राज्य पुढें पटवर्धनांशीं झगडलें, चिकोडी-मनोळीसाठीं झिजलें, व १८१२ त इंग्रजांशीं तह करून त्या तालुक्यांवरील दावा व मालवण सोडून बसलें. तरीही तें उरलें. सातारचें राज्य १८४८ त खालसा झालें. करवीर मुंबई प्रांतांत विलीन झालें तें १ मार्च १९४९ रोजीं. ज्यास देणगीदार म्हणतात तें घर आधीं गेलें, आणि ज्यास देणगीवर जगणारें म्हणतात तें शंभर वर्षें मागून. हा देणगीविरुद्ध पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. पुरावा कलमांतच आहे.

ज्यांच्या संग्रहीं वारणेच्या दोहों तीरांवरील गांवांचीं दप्तरें आहेत, त्यांस आमची एक सूचना आहे. तहनाम्याच्या नकला जमविण्यापेक्षां १७३१ नंतरचीं ठाण्यांच्या हवाल्याचीं पत्रें, महालांच्या जमाखर्चाच्या यादी, व चाकरी सोडून गेलेल्यांविषयींच्या तक्रारी पारखून पाहाव्या. तह काय म्हणतो हें तहनामा सांगतो. तो कोणी व किती पाळला हें ठाणेदाराच्या साध्या पत्रावरूनच कळतें.