फुजितांचा पेपर वाचताना: हवा मोजायची कशाने?

24 जून 1975. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट 66 धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. 113 जण गेले. वादळ उतरण्याच्या मार्गावरच होतं. पण त्याच धावपट्टीवर थोड्या वेळापूर्वी इतर विमानं सुखरूप उतरली होती. मग हेच का पडलं? टेड फुजिता आणि होरेस बायर्स यांचा 1977 चा पेपर या प्रश्नाला भिडतो. तुम्हाला विमानतळाजवळच्या हवेवर काम करायचं असेल तर तो वाचाच, पण हातात पेन्सिल घेऊन.

आधी एक घोळ मिटवू. विमान हादरवतो तो टर्ब्युलन्स. इथला मुख्य मुद्दा विंड शिअरचा, म्हणजे थोड्या अंतरात वारा बदलण्याचा. (पहिल्या सेमिनारमध्ये मी दोन्ही एकच समजून बोलले होते. परीक्षकांनी सोडलं नाही.) ढगातून कोसळणारी हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. त्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून जोरदार वारा लागतो, ते वर उचललं जातं, पायलट इंजिनाचा जोर कमी करतो. लगेच वरून झोत, मग पाठीमागून वारा. पंखांवरच्या हवेचा वेग घटतो आणि सावरायला उंचीच उरत नाही.

पेपरची खरी ताकद पुराव्यात आहे. एकामागून एक आलेल्या विमानांच्या नोंदी शेजारी लावून काही मिनिटांची, काही किलोमीटरची घटना उभी केलीय. नेहमीच्या हवामान केंद्रांच्या जाळ्यातून ती निसटलीच असती.

माझी हरकत व्याख्येला आहे. डाउनबर्स्ट म्हणजे जमिनीपासून 91 मीटरवर सेकंदाला किमान 3.6 मीटर वेगाने खाली येणारा झोत. हा आकडा कुठून आला? उतरणाऱ्या जेट विमानाच्या खाली येण्याच्या वेगावरून! म्हणजे हवेला विमानाचं माप लावलंय. पायलटला ते उपयोगी, पण हवेत काही वेगळं घडतं हे त्यातून सिद्ध होत नाही. 'जुन्याच डाउनड्राफ्टला नवं नाव' हा तेव्हाचा आक्षेप म्हणून मला फालतू वाटत नाही. गंमत म्हणजे 1940 च्या दशकातल्या थंडरस्टॉर्म प्रोजेक्टमध्ये असे डाउनड्राफ्ट मोजणारे बायर्सच इथे सहलेखक आहेत.

वाद मिटला तो डॉप्लर रडारमुळे: 1978 मध्ये शिकागोजवळ, 1982 मध्ये डेन्व्हरला. तिथे निकष बदलला. साधारण 4 किलोमीटरच्या आत वाऱ्याच्या आडव्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक दिसला की मायक्रोबर्स्ट. रडारला थेट दिसतं तेच मोजायचं ठरलं. त्यामुळे फुजितांच्या पेपरमधली व्याख्या वाचताना विल्सन आणि सहकाऱ्यांचा 1984 चा पेपर शेजारी उघडा ठेवा. आकृत्या मात्र फुजितांच्याच आधी बघा.