जनुकीय उपचार: पुस्तकातला आणि मेंदूतला

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की वाडी लागते. दोन्ही बाजूंना गोदामे, वाहतूक कंपन्यांच्या पाट्या आणि ट्रकांच्या रांगा. येथील एका शाळेत आम्ही जनुकीय उपचारांवर बोलायला गेलो, तेव्हा साहजिकच दाखला ट्रकचा दिला. विषाणूतील त्याचा स्वतःचा माल उतरवायचा, त्या जागी निरोगी जनुक भरायचे आणि गाडी पेशीकडे रवाना करायची. मुलांना ते चटकन पटले. शेवटी दहावीच्या एका मुलीने विचारले, "सर, माझ्या आजोबांना कंपवात आहे. मागच्या वर्षी ते स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला. आमच्या मेंदूत ही गाडी जाईल, तशीच त्यांच्या मेंदूत जाईल का?"

आमचा ट्रक तेथेच अडला. आम्ही गाडीविषयी बोललो होतो, रस्त्याविषयी नाही.

हा दोष केवळ आमच्या भाषणाचा नव्हे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकात जनुकीय उपचाराला काही ओळीच मिळाल्या आहेत. उदाहरण आहे फिनाइलकीटोन्यूरियाचे: यकृतपेशींतील हा दोष या उपचाराने दूर करता येतो, असा त्याचा आशय. याला आमच्या दोन हरकती आहेत. पहिली साधी आहे. या विकारावर मान्यताप्राप्त जनुकीय उपचार अजून नाही. रुग्णांची भिस्त पथ्यावर आणि काही औषधांवरच आहे. दुसरी हरकत अधिक महत्त्वाची. यकृत हा फार सोपा पत्ता आहे. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सुमारे १०० नॅनोमीटरची छिद्रे असतात, आणि ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस, म्हणजे एएव्ही, या नेहमीच्या वाहकाचा व्यास असतो सुमारे २५ नॅनोमीटर. शिरेतून टोचलेला विषाणू आपोआपच यकृतात जाऊन पडतो. हे उदाहरण वाचलेल्या मुलाला पत्ता लिहिला की माल पोचतो असे वाटले, तर नवल नाही.

मेंदूत तसे नाही. तेथील रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. विषाणूला भिंतीतील पेशीने आत घेऊन पलीकडे सोडावे लागते. २००९ साली असे दिसले की एएव्हीचा नऊ क्रमांकाचा प्रकार नवजात उंदराच्या शिरेत टोचला तर मेंदूतील चेतापेशींत पोचतो. प्रौढ उंदरात टोचला तर मुख्यतः त्यांच्या सोबतिणी असलेल्या तारकापेशींत जातो. विषाणू तोच, फरक वयाचा.

याच नऊ क्रमांकावर बेतलेले 'सोळा कोटींचे इंजेक्शन' २०२१ साली आपल्याकडे गाजले. मुंबई-पुण्याच्या तान्ह्या मुलांसाठी लोकांनी वर्गणी काढली. अमेरिकेत २०१९ साली त्याला मान्यता मिळाली, ती दोन वर्षांखालील मुलांसाठी. एकदा मज्जारज्जूतील चेतापेशी मेल्या की नवे जनुक द्यायचे कोणाला, हे त्यामागचे मोठे कारण. शिवाय वजनाबरोबर विषाणूची मात्रा वाढते आणि तिचा ताण यकृतावर येतो. वृत्तपत्रांनी किंमत ठळक छापली. वयाच्या अटीचे कारण सांगणारे लेख आमच्या पाहण्यात फार थोडे आले.

आता आजोबांकडे वळू. कंपवातात मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातील पेशी मरतात. त्यांचे लांब तंतू पुटामेन या भागात पोचलेले असतात. या पेशी जगवणाऱ्या न्यूरट्युरिन प्रथिनाचे जनुक एएव्हीत घालून पुटामेनमध्ये सुईने सोडायचे, तंतूंनी ते मागे पेशींपर्यंत ओढून न्यायचे, अशी योजना होती. निरोगी माकडांत ती छान चालली. मग ५८ रुग्णांवर चाचणी झाली. काहींची फक्त नावापुरती शस्त्रक्रिया केली होती. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बारा महिन्यांनंतर ठरवलेल्या मुख्य मापात दोन्ही गटांत फरक नव्हता. पुढे मरण पावलेल्या काही रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा पुटामेनमध्ये न्यूरट्युरिन सापडले, मूळ पेशींपाशी मात्र फारच थोडे. माल गोदामात उतरला होता; पुढे नेणारे तंतूच झिजून गेले होते. २०१३ सालच्या एका अभ्यासात तर निदानानंतर चारेक वर्षांतच पुटामेनमधले हे तंतू जवळजवळ नाहीसे झालेले आढळले. निरोगी माकडाने ही अडचण दाखवणे शक्यच नव्हते. आमच्या मते ही चूक विषाणूची नव्हे, प्राणी निवडणाऱ्यांची. (प्रयोगशाळेत तरुण, धडधाकट उंदीर स्वस्त पडतात. म्हातारे पोसायला दोन वर्षे लागतात. हेही कारण लहान नाही.)

याच्या उलट एएडीसी नावाच्या विकराचा जन्मजात अभाव असलेल्या मुलांचे. त्यांच्याही पुटामेनमध्येच सुईने जनुक सोडतात. त्या उपचाराला युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. तेथे तंतू शाबूत असतात, उणीव फक्त विकराची.

मार लागल्यावर भिंत फुटते, मग वाट मोकळी होईल ना? हा तर्क आम्ही शिक्षकांकडूनही ऐकला आहे. भिंत फुटते हे खरे. पण ठिकठिकाणी, आणि काही काळच. त्याच वेळी सूज येते, तारकापेशी फुगून जखमेभोवती कुंपण घालतात, आणि रक्तातील प्रतिपिंडेही आत शिरतात. एएव्हीचा नैसर्गिक संसर्ग होऊन गेलेल्या अनेक प्रौढांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आधीच असतात. म्हातारपणाचेही तसेच. उंदरांवरील २०२० सालच्या संशोधनात असे दिसले की तरुण भिंत रक्तातील प्रथिने निवडून, ठरावीक ग्राहींमार्फत आत नेते. वयाबरोबर ही निवड मंदावते आणि सरसकट गळती वाढते. गळक्या भिंतीतून काय आत येईल, हे मग आपल्या हातात राहत नाही.

पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत यकृताचेच उदाहरण हवे असेल, तर हिमोफिलिया बी घ्यावे. त्यावरील जनुकीय उपचाराला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली आहे. आणि त्याखाली मेंदूतील भिंतीची एक आकृती द्यावी. त्या मुलीला आम्ही चाचणीची हकिगत सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आजोबांना लवकर द्यायला पाहिजे होतं." आम्ही म्हटले, लवकर दिले असते तरी ते औषध लागू पडले असते असे अजून सिद्ध झालेले नाही. तिने ते वहीत लिहून घेतले.