आकडा कुठला, खाडी कुठली? 'द कोव्ह' संशोधकाच्या नजरेने पाहताना



पेट किंवा नेट झाली की गाईड पहिलं वाक्य बोलतात ते म्हणजे "आधी लिटरेचर रिव्ह्यू करून या." मग आपण पेपर उघडतो आणि त्यातलं प्रत्येक विधान खरं मानून वहीत उतरवतो. ही सवय मोडायची असेल तर माझा एक सल्ला आहे. ज्या मजकुराशी तुम्ही मनापासून सहमत आहात, तोच तपासायला घ्या. नावडत्या लेखकाच्या चुका काय, कुणालाही सापडतात!

म्हणून आज पेपरऐवजी एक माहितीपट घेऊया, ज्याची बाजू मला पटते. लुई सिहोयोस दिग्दर्शित 'द कोव्ह' (२००९). २०१० साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. डॉल्फिनची शिकार आणि त्यांचा बंदिवास याविरुद्धच्या मोहिमेला जगभर आवाज मिळवून देण्यात या चित्रपटाचा वाटा फार मोठा आहे.

चित्रपटात आहे काय?

जपानच्या वाकायामा प्रांतात ताइजी नावाचं छोटं मासेमारी गाव आहे. दर वर्षी सप्टेंबरपासून तिथल्या बोटी समुद्रात जातात. पाण्यात धातूच्या नळ्या सोडून त्यांवर हातोड्या मारतात. डॉल्फिनची सगळी मदार आवाजावर असते, त्यामुळे कळप घाबरून उलट दिशेला पळतो. आपल्याकडे जंगलात हाकारा करून शिकार होत असे, तसाच हा समुद्रातला हाकारा. कळप एका लहान खाडीत कोंडला की जाळी लावून तोंड बंद करतात. डॉल्फिन शोसाठी योग्य असे काही निवडून जिवंत विकले जातात, बाकीच्यांपैकी बरेच मांसासाठी मारले जातात. मोठ्या व्हेलच्या व्यापारी शिकारीवर १९८६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आली, पण ती लहान डॉल्फिनना लागू होत नाही. म्हणजे जपानी कायद्यानुसार ही शिकार परवानगीने चालते.

चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहेत रिक ओ'बॅरी. १९६०च्या दशकात 'फ्लिपर' या गाजलेल्या टीव्ही मालिकेसाठी त्यांनीच डॉल्फिन पकडले आणि शिकवले. पुढे १९७० पासून ते बंदिवासाविरुद्ध उभे राहिले. खोट्या दगडांत कॅमेरे लपवून घेतलेली दृश्यं आणि शेवटी लाल झालेलं पाणी पाहून बधिर व्हायला होतं.

आता बधिर झालेलं डोकं जरा बाजूला ठेवा आणि वही उघडा. आपण विधानं सुटी करणार आहोत.

पहिलं विधान: वर्षाला २३,०००

चित्रपटाबरोबर जगभर पसरलेला आकडा म्हणजे जपानमध्ये दर वर्षी २३,००० डॉल्फिन आणि पॉरपॉइज मारले जातात. वाक्य नीट वाचा. त्यात 'जपानमध्ये' असं आहे, 'ताइजीत' असं नाही. पण दीड तास पडद्यावर ताइजीची खाडी दिसत राहते, त्यामुळे प्रेक्षक बाहेर पडतो तो "त्या खाडीत वर्षाला तेवीस हजार" असं म्हणतच.

त्या काळात ताइजीचा कोटा दोन-अडीच हजारांच्या आसपास होता. देशाच्या कोट्याचा मोठा भाग डॉल पॉरपॉइज या वेगळ्या प्राण्याचा होता. त्याची शिकार उत्तर जपानच्या समुद्रात, मुख्यतः इवाते प्रांताच्या बाजूला, हातातल्या भाल्याने होत असे. शिवाय सरकारने दिलेला कोटा आणि प्रत्यक्ष मारलेली संख्या या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कोटा हा कमाल आकडा असतो.

म्हणजे चित्रपट खोटं बोलतो का? तसं नाही. आकडा एका ठिकाणचा आणि चित्र दुसऱ्या ठिकाणचं असं शेजारी शेजारी ठेवलंय. जोडण्याचं काम प्रेक्षकाच्या मनाने केलं. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही हे होऊ शकतं. राज्याची आकडेवारी पहिल्या परिच्छेदात आणि तुमच्या तालुक्याचा फोटो दुसऱ्यात.

मला यातली खरी खंत वेगळीच वाटते. संख्येने सगळ्यात मोठी शिकार उघड्या समुद्रात, बोटीच्या टोकावरून होत होती. तिथे कॅमेरा लपवायला कडा नव्हता, पाणी लाल दिसेल अशी बंदिस्त जागा नव्हती. म्हणून त्या प्राण्याचं नावही कुणाला माहीत नाही. जे दिसतं तेवढ्यावरूनच प्रश्नाचा आकार ठरवायचा, ही चूक सर्वेक्षणात आपण कायम करतो.

दुसरं विधान: मांसात पारा आहे

डॉल्फिन समुद्री अन्नसाखळीत वरच्या टोकाला असतो. छोट्या माशांतला मिथाइल मर्क्युरी साठत साठत त्याच्या शरीरात येतो. चित्रपट याची सांगड मिनामाताशी घालतो. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने हजारो लोक बाधित झाले होते.

चित्रपट आल्यानंतर मिनामाता रोगावर काम करणाऱ्या जपानच्या राष्ट्रीय संस्थेने ताइजीतल्या १,१३७ रहिवाशांच्या केसांतला पारा मोजला. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरासरी जपानमधल्या इतर ठिकाणांच्या चौपटीहून जास्त, मात्र पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणं कुणातही आढळली नाहीत.

यानंतर जे झालं ते संशोधनाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्यासारखं आहे. मोहिमेच्या बाजूने अहवालाचा पहिला अर्धा भाग उचलला गेला, शिकारीच्या बाजूने दुसरा. एकच अहवाल, दोन मथळे.

आपण काय विचारायला हवं? 'लक्षणं नाहीत' म्हणजे कुणात नाहीत? तपासले गेले ते प्रौढ. मिथाइल मर्क्युरीचा सगळ्यात मोठा धोका असतो पोटातल्या बाळाला. फेरो बेटांवर लोक पायलट व्हेलचं मांस खातात (नाव व्हेल असलं तरी हा प्राणी डॉल्फिनच्या कुळातला). तिथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा दीर्घकालीन अभ्यास झाला. ज्यांच्यावर जन्माआधी पाऱ्याचा परिणाम जास्त झाला होता, त्या मुलांमध्ये सातव्या वर्षी लक्ष, स्मरणशक्ती आणि भाषा यांच्या चाचण्यांत फरक दिसला. डॉक्टरला खोलीत बसून दिसेल असं ते लक्षण नव्हतं. चाचणी घेतली, तुलना केली, तेव्हाच कळलं.

म्हणून पाऱ्याचा मुद्दा टिकतो. पण तो मिनामाताची भीती दाखवून टिकत नाही, फेरोच्या कंटाळवाण्या तक्त्यांमुळे टिकतो. चित्रपटाने भीती निवडली. चित्रपट म्हणून ते समजतं, पण आपल्याला तक्ताच लागतो.

तिसरं विधान: मारण्याची पद्धत क्रूर आहे

इथे मात्र मोहीम आणि संशोधन यांची गाठ फार चांगली पडलीय.

टीका वाढल्यावर ताइजीत पद्धत बदलली असं सांगितलं गेलं. श्वासछिद्राच्या मागे धातूची कांब घुसवून मज्जारज्जू तोडायचा, मग जखमेत लाकडी खुंटी ठोकायची. या पद्धतीत मृत्यू लवकर येतो असा २०१० चा एक जपानी अहवाल होता. २०११ मध्ये याच पद्धतीचं चित्रीकरण बाहेर आलं. अँड्र्यू बटरवर्थ आणि सहकाऱ्यांनी ते पशुवैद्यकाच्या नजरेने तपासून २०१३ मध्ये पेपर लिहिला. त्यांचा निष्कर्ष होता की या पद्धतीत प्राणी लगेच बेशुद्ध होत नाही, आणि विकसित देशांतल्या नियमबद्ध कत्तलखान्यात ती चालवून घेतली जाणार नाही. खुंटीने रक्त बाहेर येणं थांबतं, म्हणजे मृत्यू उलट लांबू शकतो.

हा युक्तिवाद किती घट्ट आहे बघा. डॉल्फिन हुशार आहे का, देखणा आहे का, याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. "तुम्ही गायी-डुकरं खाता, मग आम्हाला का बोलता?" हा ताइजीकरांचा प्रश्न चित्रपटात नीट उत्तराविना राहतो. या पेपरमध्ये उत्तर आहे. गाय-डुक्कर मारताना तुम्ही स्वतःवर जे किमान नियम घालता, तेही इथे पाळले जात नाहीत. समोरच्याची फुटपट्टी घेऊन त्याचंच कापड मोजायचं, याला म्हणतात टीका.

आणि लाल पाण्याचं काय? खुंटीमुळे पाणी कमी लाल होतं. ज्याचा पुरावा फक्त 'लाल पाणी' होता, त्याच्या हातात आता काहीच उरलं नसतं.

चौथं विधान: बंदिवासात डॉल्फिन लवकर मरतात

मोहिमांमध्ये हे सर्रास म्हटलं जातं. पण स्मॉल आणि डीमास्टर यांच्या १९९५ च्या पेपरमध्ये बंदिवासातल्या बॉटलनोज डॉल्फिनचा वार्षिक जगण्याचा दर जंगली कळपापेक्षा लक्षणीय वेगळा आढळला नव्हता. याच लेखकांच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र दिसलं की समुद्रातून पकडल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात मृत्यूचं प्रमाण बरंच वाढतं.

दोन्ही एकत्र वाचा. चांगल्या तलावात स्थिरावलेला डॉल्फिन किती वर्षं जगतो, या प्रश्नात बंदिवासाचा बचाव करणाऱ्यांना जागा मिळते. पण तो तलावापर्यंत कसा आला, हे विचारलं की ती जागा संपते. चित्रपटाचा सगळ्यात मजबूत धागा मला हाच वाटतो. त्यात सांगितलंय की मेलेल्या डॉल्फिनच्या मांसाचे सुमारे ६०० डॉलर येतात, तर शोसाठी निवडलेल्या जिवंत डॉल्फिनचे दीड लाख डॉलरपर्यंत. म्हणजे शोचं तिकीट काढणारा माणूस आणि खाडीतला भाला यांच्यामध्ये फक्त एक व्यवहार आहे.

मोहिमेचं ठोस यशही याच धाग्यावर आलं. २०१५ मध्ये प्राणिसंग्रहालयं आणि मत्स्यालयांच्या जागतिक संघटनेने जपानी संघटनेचं सदस्यत्व स्थगित केलं. मग जपानी संघटनेच्या १५२ सदस्यांपैकी ९९ जणांनी जागतिक संघटनेत राहण्याच्या बाजूने मत दिलं. त्यासाठी ताइजीच्या शिकारीतले डॉल्फिन घेणं थांबवावं लागणार होतं. ताइजीचं व्हेल संग्रहालय त्याच वर्षी त्या संघटनेतून बाहेर पडलं. शिकार संपली नाही, पण मोठा खरेदीदार अडचणीत आला.

आपल्याकडचं एक विधान

तुम्ही हे नक्की वाचलं असेल: "भारताने डॉल्फिनला 'मानवेतर व्यक्ती' असा दर्जा दिला." मे २०१३ मध्ये केंद्राने डॉल्फिन पार्कना परवानगी देऊ नये असं परिपत्रक काढलं. त्या सुमारास महाराष्ट्रासह काही राज्यांत असे प्रस्ताव चर्चेत होते. परिपत्रकात 'मानवेतर व्यक्ती' हे शब्द आहेत, पण अनेक शास्त्रज्ञांनी असं सुचवलंय, अशा वाक्यात. सरकारने दर्जा दिलेला नाही. मूळ दस्तऐवज न उघडता एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. बंदी खरी आहे आणि महत्त्वाची आहे. मग तिला खोट्या पदवीची गरज काय?

आता माझ्या सोयीच्या आकड्यालाही तीच फुटपट्टी लावतो. जगभरात दर वर्षी तीन लाखांहून जास्त व्हेल, डॉल्फिन आणि पॉरपॉइज मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरतात असं म्हणतात. हा २००६ चा अंदाज आहे, अमेरिकेच्या १९९० च्या दशकातल्या नोंदी जगभरच्या मासेमारी ताफ्यावर ताणून काढलेला. मोजलेली संख्या नव्हे. तरीही अंदाजाचा आकार बघता ताइजीपेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. कोकण किनाऱ्यावर राहणारा हंपबॅक डॉल्फिन आपल्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला भाल्याची भीती नाही, जाळ्याची आहे. त्यावर ऑस्कर मिळेल असा चित्रपट होणं कठीण, कारण त्यात खलनायक नाही. पोटासाठी जाळं टाकणारा माणूस आहे.

मग 'द कोव्ह' पाहावा का?

जरूर पाहा. ताइजीची माणसं त्यात जवळपास फक्त कॅमेऱ्यावर हात ठेवणारी दिसतात, ही त्याची सर्वात मोठी उणीव. तिथले लोक काय म्हणतात हे ऐकायचं असेल तर मेगुमी सासाकी यांचा 'अ व्हेल ऑफ अ टेल' (२०१६) त्यानंतर पाहा. दोन्ही पाहिल्यावरही माझं मत बदललेलं नाही. ही शिकार आणि तिच्यावर चालणारा शोचा बाजार थांबायला हवा. फक्त ते मत आता २३,००० वर उभं नाही, २०१३ च्या एका रुक्ष पेपरवर आणि फेरोच्या तक्त्यांवर उभं आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ देतो. तुम्हाला मनापासून पटणारी एखादी मोहीम घ्या. तिची पाच विधानं पाच ओळींत लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: आकडा कुठल्या जागेचा, मोजलेला की अंदाजाचा, आणि मूळ दस्तऐवज तुम्ही स्वतः उघडलात का. पाचपैकी दोन विधानं गळाली तर घाबरू नका. उरलेली तीन घेऊन गाईडसमोर बसा.